एक गहू, दोन किडे : धाबं आणि पत्र्याखालच्या बारा बरण्यांच्या नोंदी

१८ नोव्हेंबर

प्रकल्पाचा विषय घरच्या कोठीत सापडला. दिवाळी झाली तशी आजीने दादर ज्वारीची कोठी उपसायला काढली आणि मी ओसरीत सूप घेऊन बसले. पाखडताना किडे सुपाच्या काठावर चढायला लागले. आधी वाटलं सगळे सोंडेच. एकेक बोटावर घेऊन पाहिला तर दोन वेगळ्या जाती निघाल्या. एकाला समोर बारीक सोंड आणि पाठीवर चार तांबूस ठिपके. दुसरा त्याहून जरा लहान, नळकांड्यासारखा लांबोळा, आणि वरून पाहिलं तर त्याला डोकंच दिसत नाही. डोकं मानेखाली वाकवलेलं असतं, डोळ्यांवर टोपी ओढून बसलेल्या माणसासारखं. पहिला सोंड्या, सिटोफिलस ओरायझी. दुसरा दाणे पोखरणारा भुंगेरा, रायझोपर्था डॉमिनिका. यापुढे नोंदींत नुसतं सोंडे आणि भुंगेरे लिहीन.

“काय दखी ऱ्हायनी व बेटा? किडाच शेतस त्या,” आजी म्हणाली.

किडेच आहेत, पण दोघांची पिल्लं आख्ख्या दाण्याच्या आत वाढतात. खाणं तेच, घरही तेच. मग एका कोठीत दोघे नांदतात कसे? एकाने दुसऱ्याला अजून हुसकलं का नाही? उद्या-परवा कॉलेजातल्या मॅडमना विचारते.

२० नोव्हेंबर

मॅडमना विषय पटला. त्यांनी सुरुवात गॉझपासून करायला सांगितली. मॉस्कोच्या या माणसाने १९३४ मध्ये पॅरामेशियम या पाण्यातल्या एकपेशीय जीवाच्या जाती काचेच्या नळ्यांत वाढवल्या. ऑरेलिया एकटी छान वाढली, कॉडेटमही एकटी छान वाढली. एका नळीत ठेवल्यावर मात्र ऑरेलिया उरली आणि कॉडेटम संपली. मला खरं महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. त्याच कॉडेटमला बर्सारियाच्या जोडीला ठेवलं तेव्हा दोघीही टिकल्या, कारण बर्सारिया तळाशी बसलेलं यीस्ट खायची आणि कॉडेटम वरच्या पाण्यातले जिवाणू. म्हणजे कॉडेटम दुबळी नव्हती. सोबत कोण आहे आणि खाणं कुठे आहे, यावर तिचं जगणं ठरत होतं.

मग मॅडमनी आमच्याच किड्यांची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स बर्चने १९५३ साली नेमक्या याच दोन जाती गव्हात एकत्र वाढवून पाहिल्या. २९.१ अंश सेल्सिअसला सोंड्यांनी भुंगेऱ्यांना संपवलं. ३२.३ अंशांना भुंगेऱ्यांनी सोंड्यांना संपवलं. मध्ये फरक फक्त तीन अंशांचा!

त्याच्याकडे तापमान स्थिर ठेवायची सोय होती. आमच्याकडे तसलं काही नाही, पण घरात दोन खोल्या आहेत. जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, दोन हात जाड मातीच्या भिंतींची, आणि शेजारी नंतर बांधलेली पत्र्याची. खान्देशात ज्याने दोन्हींत एकेक उन्हाळा काढला असेल त्याला फरक सांगायला नको. प्रयोग तिथेच करायचा ठरला.

२७ नोव्हेंबर

बर्चशी जुळवता यावं म्हणून बरण्यांत ज्वारीऐवजी गहू घेणार. तीन किलो गहू निवडून डीप फ्रीजरमध्ये आठ दिवसांसाठी ठेवला. आधीची अंडी-अळ्या आत जिवंत राहिल्या तर सगळी मोजदाद फुकट जाईल. बाजार समितीतल्या ओळखीच्या अडत्याने मूठभर गहू ओलावा मोजायच्या यंत्रावर धरून दिला. ११ टक्के.

आजीला हे मुळीच आवडलेलं नाही. “चांगला गहूले किडा लावी ऱ्हायनी तू. आसं कोनी करस का?” तिच्या वाट्याला कोणती वर्षं आली ते मला माहीत आहे, म्हणून तिच्याशी वाद घातला नाही. अडीच किलोच्या वर एक दाणा वापरणार नाही, असा शब्द दिला.

६ डिसेंबर

बारा बरण्या मांडल्या. प्रत्येकीत २०० ग्रॅम गहू, तोंडाला मलमल आणि रबर. प्रत्येक खोलीत दोन बरण्या नुसत्या सोंड्यांच्या (२० किडे), दोन नुसत्या भुंगेऱ्यांच्या (२०) आणि दोन मिश्र (२० अधिक २०). मिश्र बरणीत दहा-दहा घ्यावेत की वीस-वीस, यावर बराच वेळ गेला. वीस-वीस घेतले, कारण मला बघायचंय ते असं : तेवढेच सोंडे, तेवढाच गहू, फक्त शेजारी आला तर काय फरक पडतो?

धाब्याच्या खोलीतल्या बरण्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या. हे मॅडमना कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. पर्यावरणशास्त्रात एखाद्या जातीची जागा, तिचं खाणं, वेळ, निवारा, सोसायची थंडी-ऊन हे सगळं मिळून ज्याला ‘निश’ म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा असाच आहे. आमच्या कोनाड्यात आधी चिमणी असायची, कंदिलाची. काळा डाग अजून आहे.

२८ डिसेंबर

मोजण्यासारखं काही नाही. थंडी आहे. पत्र्याच्या खोलीत पहाटे १२ अंश, धाब्यात २२. किडे दाण्यांच्या तळाशी गुपचूप बसून आहेत.

मळ्यातून येताना चपलेत सराटे घुसले. ते उपसत बसले असताना ग्रँट दांपत्याचं काम आठवलं, कालच वाचलं होतं. गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर सराट्याच्याच कुळातलं झुडूप आहे, त्याचंही फळ असंच काटेरी आणि टणक. मध्यम भूफिंच पक्ष्यांतले मोठ्या चोचीचे तेवढे ते फोडून खायचे. १९८२ मध्ये त्या बेटावर मोठा भूफिंच येऊन वसला. त्याची चोच आणखी जाड, त्यामुळे तेच फळ तो जास्त सहज फोडतो. पुढे वीसेक वर्षांनी, २००३-०४ च्या दुष्काळात, काटेरी फळं मोठ्या फिंचांनीच संपवली आणि मध्यम फिंचांतले मोठ्या चोचीचे पक्षी मेले. लहान चोचीचे, बारीक बिया खाणारे वाचले. त्या जातीची सरासरी चोचच लहान झाली. म्हणजे शेजारी आला की संख्या घटते एवढंच नाही, उरलेल्यांचा आकारही बदलतो. हातातल्या सराट्याकडे मग बराच वेळ बघत राहिले.

११ जानेवारी

मॅडमबरोबर हतनूरला गेलो. तापी-पूर्णेच्या संगमावरचा हा जलाशय थंडीत बदकांनी भरलेला असतो. थापट्या पसरट चोच पाण्याच्या पृष्ठावर घासत पुढे सरकतात, वरच्या वरचं गाळून खातात. तलवार बदकं शेपूट आभाळाकडे करून मान खाली घालतात, लांब मान पोचेल तिथवरचा तळ त्यांचा. वारकरी बुड्या मारून खालचं पाणशेवाळ उपटून आणतात. पाणी एकच, पण एकाच्या चोचीचं दुसऱ्याच्या चोचीला पोचत नाही. दाण्याला मात्र असा उथळ-खोल भाग नाही. म्हणूनच मला बरण्यांची चिंता जास्त.

८ फेब्रुवारी

पहिली खरी मोजणी. बारीक जाळीच्या चाळणीने किडे आणि भुगा खाली पाडायचा, पांढऱ्या कागदावर ब्रशने एकेक सरकवत मोजायचं, मग सगळं परत बरणीत. सोंडे हात लागला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात, त्यामुळे थांबावं लागतं. बारा बरण्यांना सकाळपासून दिवेलागण झाली.

धाबं : नुसते सोंडे ७१ आणि ६४. मिश्र बरण्यांत सोंडे ६६ आणि ५९. भुंगेरे कुठेच वाढलेले नाहीत, उलट दोनचार मेले. पत्र्याखाली सोंडे पन्नाशीच्या आसपास, भुंगेरे तसेच.

थंडीत सोंड्यांनी आघाडी घेतली. भुंगेऱ्याला पिल्लं वाढवायला जास्त ऊब लागते.

१५ मार्च

धाब्यात २७ अंश. पत्र्याखाली दुपारी ३६, पहाटे २०.

धाब्यात सोंडे एकटे असले तर २३६ आणि २१९, मिश्र बरण्यांत २०५ आणि १८८. भुंगेरे एकटे ३९ आणि ३४, मिश्र बरण्यांत १९ आणि २२. पत्र्याखाली भुंगेऱ्यांनी उचल खाल्लीय : एकटे ८८ आणि ८१.

२३ मार्च

आज मोजणी नव्हती. मिश्र बरणीतले चाळीस दाणे घेऊन ब्लेडने उभे कापले आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि चिकट बुचाने भोक बंद करते. भुंगेऱ्याची मादी अंडी दाण्यांमध्ये बाहेरच सोडते. अंड्यातून निघालेली अळी चालत जाऊन स्वतः दाण्यात शिरते. अळ्याही ओळखू येतात : सोंड्याची पांढरी, गुबगुबीत, पाय नसलेली. भुंगेऱ्याचीही वाकलेलीच, पण तिला पुढे बारीक पाय असतात.

सव्विसाव्या दाण्यात दोन्ही सापडल्या. सोंड्याची अळी दाण्याच्या पोकळीत भरून बसलेली, तोंड चालू. तिच्या पाठीमागे, सालीला चिकटून, भुंगेऱ्याची अळी. सुकलेली, अर्धी भुग्यात गाडलेली, पण तिचे ते पुढचे पाय स्पष्ट दिसत होते. गव्हाच्या एका दाण्यातून बहुतेक वेळा एकच किडा बाहेर येतो, हे वाचलं होतं. ते कसं होतं ते डोळ्यांनी पाहिलं.

इतके दिवस चाळणीखाली मी किड्यांची भांडणं शोधत होते. कागदावर सोंडे आणि भुंगेरे एकमेकांच्या अंगावरून जातात, एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. ओढाताण बंद दाण्याच्या आत चालते आणि तिचं फळ म्हणजे जो किडा बाहेर आलाच नाही तो. तो चाळणीत कधीच पडणार नाही. एकट्याची बरणी शेजारी असल्याशिवाय तो मोजताच येत नाही. नुसत्या बरण्या कशाला, असं डिसेंबरात भाऊ विचारत होता. आज त्याला तो दाणा दाखवला.

१९ एप्रिल

धाबं ३० अंश. पत्र्याखाली दुपारी चार वाजता बरणीच्या आत ४१.

पत्र्याच्या बरण्या उघडल्या तर वरच मेलेल्या सोंड्यांचा थर. ३५ च्या वर सोंड्यांची वीण जवळपास थांबते, हे आता दिसतंय. मिश्र बरणीत ३८ जिवंत सोंडे आणि २६४ भुंगेरे. मार्चमध्ये तिथे सोंडे पुढे होते. महिन्याभरात डाव पालटला.

धाब्यात सोंडे एकटे ४०२ आणि ३७७. मिश्र-१ मध्ये सोंडे २८१, भुंगेरे ४६. भुंगेरे एकटे १४८ आणि १३१. या आकड्यांवर संध्याकाळभर बसले. मिश्र बरणीत शंभरेक सोंडे कमी आणि नव्वदेक भुंगेरे कमी. वरवर पाहता बरोबरीचं नुकसान. पण सोंड्यांचं एवढं नुकसान अवघ्या ४६ भुंगेऱ्यांनी केलंय, आणि भुंगेऱ्यांचं नुकसान करायला २८१ सोंडे लागलेत.

लोटका (१९२५) आणि व्होल्टेरा (१९२६) यांच्या समीकरणांत हेच विचारलेलं असतं : शेजाऱ्याचा एक किडा तुझ्या स्वतःच्या जातीच्या किती किड्यांइतका जड? दोन्ही जातींना शेजाऱ्यापेक्षा आपल्याच जातीची गर्दी जास्त नडत असेल तर दोघे एकत्र टिकतात. तसं नसेल तर एक जाते. माझ्या बरण्यांत वाढ अजून चालू आहे, त्यामुळे हे गुणोत्तर कच्चं आहे, त्यावरून मोठं काही मांडायचं नाही असं मॅडमनी बजावलं. पण भुंगेरा जड आहे याचं एक कारण चाळणीत दिसतं. भुंगेरा पोटात घालतो त्यापेक्षा कितीतरी जास्त गव्हाचा भुगा करतो. त्याच्या बरणीखाली कागदावर पीठच पडतं. तो शेजाऱ्याचं खाणं खातो आणि वर उरलेलं वायाही घालवतो.

मिश्र-२ वेगळीच निघाली. सोंडे ११२, भुंगेरे ७१, आणि मलमलीच्या आतल्या बाजूला दोन मिलिमीटरच्या काळसर माश्या. गांधीलमाशीच्या गणातल्या या परजीवी माश्या दाण्याच्या आतल्या अळीवर अंडं घालतात. बहुतेक मार्चच्या मोजणीत बरणी उघडी असताना शिरल्या. ही चूक माझी, खिडकी लावायला हवी होती.

२१ एप्रिल

मिश्र-२ टाकून द्यायचं मनात होतं. मॅडम म्हणाल्या, ठेव, नोंद वेगळी कर. शिकागोच्या थॉमस पार्कने १९४८ मध्ये पिठातल्या दोन पोरकिड्यांवर, ट्रायबोलियमच्या दोन जातींवर, अशीच वर्षानुवर्षं मोजदाद केली. ॲडेलिना नावाचा परजीवी पिठात असताना ७४ पैकी ६६ वेळा कन्फ्यूजम जिंकला. परजीवी नसताना १८ पैकी १२ वेळा कॅस्टेनियम. अन्न तेच, भांडं तेच, तिसरा आला आणि निकाल उलटला. शिवाय कोणत्याच बाजूला निकाल शंभर टक्के नव्हता. दोनच बरण्यांवर मी किती भरवसा ठेवत होते, ते यामुळे लक्षात आलं. पुढच्या वर्षी कोणी हा प्रयोग घेतला तर प्रत्येक प्रकाराच्या सहा तरी बरण्या मांडाव्यात.

१० मे

आजीचं वाळवण. नवा गहू धाब्यावर पसरला, दिवसभर उलथला. पायऱ्या चढवत नाहीत तरी ती वर आलीच. मी पत्र्याच्या बरण्यांबद्दल सांगितलं, सोंडे मेले आणि भुंगेरे वाढले. ती गव्हात हात फिरवत म्हणाली, “ऊन दखाडं का सोंडा पयी जातस. पन ह्या बारीक किडा आतमाच ऱ्हातस.” म्हणून ती एकदा ऊन देऊन कोठी भरत नाही. दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत दोन-तीन दिवस ऊन देते, मग निंबाचा पाला घालते. सोंड्याला दाण्यात ओल जास्त लागते, भुंगेरा कोरड्या दाण्यातही तग धरतो. तिने ‘बारीक किडा’ हा वेगळा आयुष्यभर ओळखलाय, आणि नोव्हेंबरात मला वाटलं होतं की तिला दोन्ही सारखेच दिसतात.

ही नोंद प्रकल्पाच्या वहीत तिच्या नावासह घालणार.

२४ मे

पत्रा : दोन्ही मिश्र बरण्यांत सोंडा एकही नाही. नुसत्या सोंड्यांच्या बरणीत तीन जिवंत. म्हणजे पत्र्याखाली सोंड्यांना आधी उन्हानेच मारलंय. मिश्र बरणीत भुंगेऱ्यांनी त्यांना ‘हरवलं’ असं लिहायचा मोह होत होता, पण एकट्याची बरणी तसं म्हणू देत नाही. खरा सामना धाब्यातला आहे.

धाबं ३२ अंश. मिश्र-१ मध्ये सोंडे १९०, भुंगेरे १३२. एकटे सोंडे अजून ३५० च्या आसपास. इथे उन्हाने मारलेलं नाही. सोंडे एकटे नीट जगतायत आणि भुंगेऱ्यांच्या शेजारात निम्म्यावर आलेत. बर्चच्या त्या दोन तापमानांच्या मधोमध आमची जुनी खोली उभी आहे.

२८ जून

पाऊस सुरू झाला. धाबं गळतंय, बरण्या दोन दिवस पलंगाखाली होत्या. मोजणी घाईत केली. मिश्र-१ : सोंडे १७१, भुंगेरे १५८. मिश्र-२ मध्ये दोघेही पन्नाशीच्या खाली, माश्या जोरात.

पत्र्याखालच्या भुंगेऱ्यांच्या बरणीत, तळाच्या पिठात, तांबडे पोरकिडे दिसले. पोरकिड्याला आख्खा दाणा सहसा फोडता येत नाही. भुंगेऱ्याने भुगा केला म्हणूनच त्याला इथे खायला मिळालं. एकाने वाया घालवलेलं दुसऱ्याचं घर झालं. याचा विचार मी आखणीत केलाच नव्हता.

मला आता असं वाटतं, आजीच्या कोठीत दोघे का नांदतात याचं उत्तर ऋतूंत आहे. थंडीत सोंडे पुढे जातात. चैत्र-वैशाखात भुंगेरे गाठतात, पण सोंड्यांना पार संपवायच्या आत आभाळ येतं, खोली थंड होते, दाणा ओल धरतो. मग पारडं पुन्हा सोंड्यांकडे झुकत असावं. हे शेवटचं वाक्य अजून तपासलेलं नाही.

१२ जुलै

तेच तपासायला घेतलं. पत्र्याखालच्या मिश्र-१ मधले भुंगेरे आणि उरलेले दाणे नव्या बरणीत घेतले, फ्रीजरमधून काढलेला १०० ग्रॅम गहू घातला, त्यावर वीस सोंडे सोडले. बरणी धाब्याच्या कोनाड्यात, २८ अंशांवर. आजीला शब्द दिलेले अडीच किलो या शंभर ग्रॅमने पुरे होतात, तरी फ्रीजरमध्ये ठेवण्याआधी तिला विचारलं. तिने कोठीतून स्वतः मापून दिले.

२० जुलै

बरणीतले पन्नास दाणे कॉलेजमध्ये ॲसिड फुक्सिनच्या द्रावणात घालून धुतले. सोंड्याच्या मादीने अंड्यावर लावलेलं बूच या रंगाने चेरीसारखं लाल होतं. भुंगेऱ्याला असं बूच नसतं, त्यामुळे घोटाळा होत नाही. दाणे टिपकागदावर पसरून भिंगाखाली एकेक फिरवला.

सात दाण्यांवर लाल ठिपका आहे. बरणी परत कोनाड्यात. पुढची चाळणी १६ ऑगस्टला.